हेस्टिंग्जच्या रणभूमीवर, नंदूशिवाय

ऑफिसने तीन आठवड्यांसाठी लंडनला पाठवलं आणि पहिल्याच शनिवारी मी निघालो, हेस्टिंग्जची लढाई झाली ते मैदान बघायला. हे खूळ माझं नाही, माझ्या धाकट्या भावाचं, नंदूचं. सातवीत असताना त्याने अंधेरीच्या रद्दीवाल्याकडून इतिहासाचं एक फाटकं पुस्तक आणलं, आणि दिंडोशीच्या आमच्या खोलीत त्या लढाईतले विल्यम आणि हॅरल्ड राहायलाच आले. "दादा, आपण दोघं जायचं हां तिकडे!" मी म्हणायचो, "जाऊ रे, आधी गणितात पास हो."

गेली दोन वर्षं आम्ही बोलत नाही.

चेअरिंग क्रॉसहून गाडीने दीड तास. गावाचं नावच बॅटल! स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर जुना मठ, त्याच्यामागे मैदान. तिकिटं आधी काढा, स्वस्त पडतात. बूट जाड घाला. ओल्या गवताने माझ्या मोज्यांची पार वाट लागली.

आणि मैदानात काय? मेंढ्या! आरामात चरत होत्या. नंदू असता तर ढाली कुठे होत्या, घोडे कुठून आले, सगळं पावलं टाकून दाखवलं असतं. त्याची अशी आठवण आली म्हणून सांगू!

एक वयस्कर गाइडबाई माहिती देत होत्या. साडेनऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडचा राजा वारला, त्याला मूलबाळ नाही. फ्रान्सकडच्या नॉर्मंडीचा विल्यम म्हणतो, गादी मला द्यायचं राजाने केव्हाच कबूल केलंय. राजाचा मेहुणा हॅरल्ड म्हणतो, मरताना त्याने माझ्या हाती सोपवली. म्हणून एवढी कापाकापी.

"मग खोटं कोण बोलत होतं?" मी विचारलं.

"कदाचित कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्याने दोघांनाही शब्द दिला असेल."



आमचे बाबा मालवणकडचे. गणपतीचा पाट आम्ही आधी मूर्तीच्या कारखान्यात नेऊन देतो, मूर्ती त्याच पाटावरून घरी येते. बाबा मला नेहमी म्हणायचे, "माझ्या मागे गणपती तूच आण रे झिला." ते गेल्यावर नंदू म्हणाला, हॉस्पिटलात त्यांनी हेच त्याला सांगितलं. मी चार नातेवाइकांसमोर त्याला खोटारडा म्हटलं आणि पाट उचलून बोरिवलीला माझ्या घरी आणला. त्याने मुलुंडला नवा पाट केला. दोन गणपती, आणि एकमेकांच्या आरतीला कोणी नाही.

हॅरल्ड मारला गेला म्हणतात तिथे जमिनीत एक दगड बसवलाय. त्याच्याजवळ उभं राहून नंदूसाठी फोटो काढला. पाठवायचं धाडस काही झालं नाही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी पाट चादरीत गुंडाळला आणि टॅक्सीने मुलुंड गाठलं. दार नंदूनेच उघडलं.

"बाबांनी तुलाही सांगितलं असणार," मी म्हणालो. "मी उगाच तुला खोटारडा म्हटलं. चुकलो रे. हा ठेव."

त्याने पाट घेतला, बाहीने पुसला. "हे आज कसं सुचलं तुला?"

मी मोबाइल पुढे केला. मैदान, मेंढ्या, तो दगड. नंदू एकेक फोटो मोठा करून बघत राहिला, मग डोळे भरून आले त्याचे.

"एकटाच जाऊन आलास, दादा?"