मामाने आधी तपासलेले डॉक्टर

दौलतमामा ढिगातला वरचा कांदा कधी हातात घेत नसे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात तो एका व्यापाऱ्यासाठी कांद्याची खरेदी करायचा. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कांदा काढायचा आणि म्हणायचा, "वरचा थर समदेच चांगला लावतात. आत काय हाय ते दाखव." साड्या, भाच्यांना सांगून आलेली स्थळं, सगळं तो याच रीतीने पारखायचा.

सत्तर सालच्या सुमारास, मी तिसरीत असताना, माझा डावा डोळा नाकाकडे सरकायला लागला. शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, मुलगी मान वाकडी करून फळा वाचते, लवकर दाखवा, नाहीतर तो डोळा कामातून जाईल. वडील मला घेऊन जवळच्या डॉक्टरकडे निघालेच होते, तेवढ्यात मामा एस.टी.तून उतरून दारात हजर.

"थांबा दाजी. पोरीच्या डोळ्याला कोणीबी हात लावणार का? आधी मी बसून बघतो."

म्हणजे मामा स्वतःच पेशंट होऊन जाणार. आमच्या शहरातल्या मेन रोडवरचे डॉक्टर झाले, कॅनडा कॉर्नरचे झाले, नाशिकरोडच्या डॉक्टरीणबाई झाल्या. दर वेळी तो तणतणत परत आला. तिघेही लबाड, कारण तिघांनीही मामालाच चष्मा सांगितला होता.

"माझ्या धडधाकट डोळ्यात ज्याला खोट दिसती, त्याच्याकडं पोरगी न्यायची नाय," असं म्हणत त्याने गवारीची शेंग समजून हिरवी मिरची कचकन चावली.

असे काही आठवडे गेले. आई मला रोज खिडकीशी उभी करून डोळा पाहायची. मला त्याचीच जास्त भीती वाटायची. शेवटी एका रविवारी जेवताना तिने विचारलं, "दादा, तिघांनी नंबर काय सांगितला?"

"डाव्याचा जास्त, उजव्याचा कमी."

"तिघांनीही तोच?"

"तोच. आतून मिळालेले हायेत."

"आणि तीन व्यापाऱ्यांनी वेगवेगळं येऊन एका ढिगाचा एकच भाव केला, तर?"

"तर माल तसाच हाय म्हणायचं," मामा म्हणाला, आणि घास त्याच्या हातातच राहिला.

दुसऱ्याच दिवशी तो मला नाशिकरोडला घेऊन निघाला. तिथेच का, असं वडिलांनी विचारलं. "ती बाई माझ्यावर लय ओरडली. म्हणली, इतकी वर्षं कांदे काय वासावर घेत होता? मला सोडलं नाय, ती पोरीचा डोळा बी सोडायची नाय."

डॉक्टरीणबाईंनी मला चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला जुंपलं. मामानेही जाड काळ्या काड्यांचा चष्मा घेतला. गल्लीतली पोरं मला चिडवायला लागली की तो पुढे होऊन म्हणायचा, "आधी मला चिडवा." तेवढी छाती कुणाची नव्हती. डोळा हळूहळू जागेवर आला. आज मी दोन्ही डोळ्यांनी लिहिते-वाचते ते आईमुळे आणि, उशिरा का होईना, मामामुळे.

मी शिक्षिका झाले तोवर मामाला मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की तो पिंपळगावची एस.टी. धरायचा. मग मी एकदा त्याला दवाखान्यातल्या बाकावर बसवलं, त्याच्या आधी स्वतः आत जाऊन डोळे तपासून घेतले आणि बाहेर आले.

"काय म्हणला डॉक्टर?"

"माझा नंबर वाढलाय म्हणाला."

"मग खरा हाय," मामा म्हणाला. त्याने चाचपत माझा हात धरला आणि उठला.