पोलंडच्या वहिनीचा उखाणा

“पोलंडची असली म्हणून काय झालं? नाव घेतल्याशिवाय आत नाही!” सुमाआत्या आईच्या कानात कुजबुजली. (सुमाआत्याची कुजबुज शहरात पार पलीकडच्या अलकापुरीपर्यंत ऐकू जाते.)

दारात माझा भाऊ निखिल आणि त्याची बायको मार्ता उभे होते. लग्न तिकडेच झालेलं. बडोद्याच्या घरात तिचं हे पहिलंच पाऊल. उंबऱ्यावर तांदळाचं माप, आईच्या हातात ओवाळणीचं ताट आणि दार अडवून आत्या. शेजारच्या हंसाबेन फोन उंच धरून कॅनडातल्या लेकीला सगळं दाखवत होत्या.

“हिला उखाणा कुणी शिकवला?” आत्याने विचारलं.

“आपल्या ऋतूनं,” आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

“ऋतूनं? मग झालंच!”

आत्याचं चुकत नव्हतं. मी इंग्रजी माध्यमातली, शिवाय चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. सेव-उसळ खाताना पाव संपला, तर दुसरा मागण्याऐवजी मी नुसता रस्सा पिते. पण मार्ताशी रोज फोनवर गप्पा मारणारी मीच. तिने लिहिलं होतं, ‘तू म्हणून पाठव, मी ऐकून पाठ करते.’ मग मी बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून (घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून!) स्वतः रचलेला एक उखाणा रेकॉर्ड केला आणि परत न ऐकताच पाठवून दिला. स्वतःचा आवाज ऐकायचीही मला लाज वाटते.

मार्ताने पदर सावरला. नऊवारी ती व्हिडिओ बघून एकटीने नेसली होती, तीही चापूनचोपून! (मला साधी साडी नेसवायला अख्खं घर आणि पिनांची डबी लागते.) मग ती खणखणीत आवाजात म्हणाली,

“सूरसागरच्या पाण्यावर संध्याकाळची छटा,
हार्दिकरावांचं नाव घेते, वाटेतून हटा!”

रेकॉर्डिंगमध्ये मध्येच आलेला माझा खोकलासुद्धा तिने जागच्या जागी घेतला होता!

कुणीच हटलं नाही.

“आ हार्दिक कोण?” हंसाबेननी विचारलं.

“मम्मी, फोन हलावशो नहीं!” कॅनडातून लेक ओरडली.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. हा उखाणा मी कित्येक महिने मनातल्या मनात म्हणत होते, माझ्या स्वतःच्या उंबऱ्यासाठी. रेकॉर्ड करताना जिभेने सवयीने तेच नाव घेतलं होतं! आणि मार्ताला शंका तरी कशी येणार? आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत नसत, हे निखिलनेच तिला सांगितलेलं. हे त्याचंच काहीतरी अदबीचं नाव असेल, असं तिला वाटलं.

“निखिल,” आत्या आवाज खाली आणत म्हणाली, “तिकडे... असं चालतं का रे?”

“मला काय विचारतेस? मी आत्ताच ऐकतोय!” निखिलचा चेहरा तांदळासारखा पांढरा.

मार्ताने सगळ्यांकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं. “चुकलं?” तिने हळूच विचारलं. आपला उच्चारच कच्चा राहिला असणार, अशी तिने समजूत करून घेतली, आणि बिचारीने उखाणा पुन्हा म्हटला. आणखी मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून! ‘हार्दिकरावांचं’ ऐकून वरच्या गॅलरीत माणसं जमली.

आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘उच्चार चुकला, जाऊ द्या’ एवढं पुटपुटले असते, तर मी सुटले असते. पण तिचा एकही उच्चार चुकला नव्हता. हजारो मैलांवर बसून, उखाण्यातला एक शब्द कळत नसताना, तिने आमच्या घरात येण्यासाठी एवढं केलं होतं. मी जन्मापासून याच घरात राहते आणि मला पाव मागता येत नाही!

मी हंसाबेनच्या फोनसमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यभर साठवलेला आवाज एकदम फुटला.

“तिचं काही चुकलं नाही! हार्दिक माझा आहे. गुजराती आहे, नंदेसरीला कामाला आहे, आणि खोकलासुद्धा माझाच आहे. तिला आत घ्या, हवं तर बाहेर मी थांबते!”