जजसाहेबांनी परत केलेला डबा

सुनेच्या हातच्या चहालाही दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय चांगला न म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जपानमध्ये, निशी-कसाई नावाच्या भागात, आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, मुलाकडे राहणारे हे निवृत्त जिल्हा न्यायाधीश. आम्ही त्यांना जजसाहेब म्हणायचो. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर जो तो आपली माणसं भारतात पाठवत होता, त्याच वर्षी हे उलट इकडे आले. मुलगा फोनवर नको नको म्हणत होता. "तुझी बाजू ऐकली, आता जपानची ऐकतो," म्हणून त्यांनी तिकीट काढलं. चहात आलं जास्त झालं का, असं सुनेने विचारलं की "निकाल राखून ठेवतो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तो कारणांसह द्यायचे. नातीने कप फोडला तेव्हा तिची रीतसर उलटतपासणी झाली. ती शेवटपर्यंत जपानीतच उत्तरं देत राहिली. साक्ष समजली नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन तिला सोडण्यात आलं.

नोकरी एकतीस वर्षं, बदल्या अकरा. हे आकडे मी दोनदा विचारून पक्के केले आहेत. प्रत्येक गावात शेजारून ताट आलं की झाकणासकट परत. कुणाच्या लग्नाला जाणं नाही, बारशाला नाही. उद्या कोण पक्षकार म्हणून समोर उभा राहील, काय सांगावं? पण इथे माझ्या बायकोने चकल्यांचा डबा दिला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "ताई, या देशात माझ्यापुढे कुणाचीच केस नाही," म्हणाले आणि जिन्यातच एक चकली मोडून खाल्ली. पुढे दर महिन्याला तो डबा वर-खाली करू लागला.

मग आमचीच केस उभी राहिली. इथे कचऱ्याच्या पिशव्या कावळ्यांनी फोडू नयेत म्हणून त्यांवर जाळी घालतात. त्या जाळीबाहेर कुणीतरी ठेवलेली पिशवी कावळे फोडायचे आणि झेंडू, खोबऱ्याचे तुकडे रस्ताभर व्हायचे. झेंडू म्हणजे भारतीय, एवढं रहिवासी समितीला कळलं. इमारतीत भारतीय घरं दोनच. वर जज राहतात हेही ठाऊक होतं, म्हणून संशय आमच्यावर. रविवारच्या बैठकीत समितीचं समाधान झालं नाही तर घराचा करार वाढणार नाही, असं घरमालकाने कळवलं. मुलीची शाळा समोरच. आणि मी तर बारा वर्षांत बाटलीचं झाकण वेगळं केल्याशिवाय बाटली टाकलेली नाही! मी जजसाहेबांना सगळं सांगितलं. त्याच संध्याकाळी सून आमचा डबा घेऊन खाली आली. चकल्या तशाच.

"बाबा म्हणाले, आता तुम्ही पक्षकार."

तीन सकाळी जजसाहेब घडीची खुर्ची आणि मोजपट्टी घेऊन कचऱ्यापाशी बसले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघता वर गेले.

रविवारी ते उभे राहिले, सून दुभाषी.

"दोन्ही बाजू ऐकल्या. पिशवी माझी आहे. देवाची फुलं कचऱ्यात मिसळू नयेत, म्हणून मी ती बाहेर, मानाने ठेवत होतो. ठेवून लगेच वर जायचो. कावळे ती फोडताना परवा पहिल्यांदा पाहिले."

सून थबकली. "बाबा, हे असंच सांगू?"

"एक शब्द गाळू नकोस. खालचे गृहस्थ निर्दोष. आरोपीला, म्हणजे मला, एक वर्ष जाळी घालण्याची शिक्षा. शिवाय जाळी चाळीस सेंटिमीटर आखूड आहे, तेही नोंदवा."

समितीच्या वृद्ध अध्यक्षबाईंनी आधी जाळीचं माप लिहून घेतलं, मग उठून कमरेत खोल वाकल्या. मागोमाग सगळे, मी मोजले, सतरा जण. आमचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला. जिन्यात बायकोने डबा पुढे केला. "केस निकाली निघाली," म्हणून त्यांनी तो घेतला.

शिक्षा त्यांनी पूर्ण भोगली. तापात हुकलेले दोन दिवसही शेवटी भरून काढले. शेवटच्या सकाळी अध्यक्षबाई स्वतः जाळीचं दुसरं टोक धरायला आल्या होत्या. नंतर जजसाहेब भारतात गावी परतले. जाळी आता मी घालतो. त्यांचं सामान गेल्यावर बायकोच्या लक्षात आलं की डबा खाली आलाच नाही. एकतीस वर्षांत कुणाची वाटीही घरात राहू न देणारा माणूस आमचा डबा घेऊन गेला. आम्ही तो परत मागितलेला नाही.