पानावर बसायच्या आधीचं कोडं

दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात, भरल्या मांडवात, मला कुणीही विचारलेलं नसताना मी एका कोड्याचं उत्तर ओरडून सांगितलं होतं. हातात बुंदीच्या लाडवांचं ताट होतं, तेही खाली न ठेवता. नातवंडांना मी नेहमी सांगते की तुमची आजी लहानपणापासून शहाणी होती. ते सांगताना हा एक प्रसंग हळूच गाळते. आज गाळत नाही, कारण आक्कांबद्दल लिहायचं तर तो गाळून भागत नाही.

आक्का पलूसला आमच्या समोरच्या घरात राहायच्या. जैन शेतकऱ्याचं घर, ओढ्याच्या वरच्या अंगाला द्राक्षबाग. मी साताऱ्याहून लग्न होऊन पलूसला आले ती बी.ए.चं दुसरं वर्ष, दोन वेण्या आणि सहा स्टीलचे चमचे घेऊन. चमचे मला एका साप्ताहिकाच्या शब्दकोडे स्पर्धेत बक्षीस मिळाले होते. त्या सहा चमच्यांच्या जोरावर मी स्वतःला विदुषी समजत होते. सासूबाईंनी ते चमचे लोणच्याच्या बरण्यांत वाटून टाकले, तरी माझी समजूत काही कमी झाली नाही.

पहिल्याच आठवड्यात मी आक्कांकडे वाटीभर साखर मागायला गेले. उंच, सडपातळ बाई, डोक्यावरून पदर, हातात सूप. वाटी घेतली नाही, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या,

"तीन अक्षरं, मुंगीला प्यारी,
डोकं काढा, गाढव दारी,
पोट काढा, वाढा भातावरी,
शेपूट काढा, टिकवा बाजारी.
सांग, आन् मग घिऊन जा."

मी म्हटलं, "साखर! खर म्हणजे गाढव, सार भातावर, आणि व्यापाऱ्यानं टिकवायची ती साख."

"आलं व्हय लगीच?" त्यांनी वाटी भरली, पण चेहरा जरा पडला. "सातारकरीन, उत्तर काय पळून जातंय का? जरा घोळवावं तोंडात. गूळ खाताना चावतीस का चघळतीस?"

मी गूळ चावतच खात असे. त्यामुळे बोध वगैरे काही झाला नाही.

आक्का शिकलेल्या म्हणाल तर जेमतेम चौथी. पण कोडी जुळवायच्या ती बागेत, विरळणी करताना. विरळणी म्हणजे द्राक्षाच्या घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. मान वर करून दिवसभर कात्री चालवायची. माझी मान तासाभरात दुखायची, त्यांची जीभसुद्धा थांबायची नाही. एक शब्द धरायच्या, त्याचं एकेक अक्षर काढून पाहायच्या, पुढचं मागे करायच्या, आणि काही उरलं नाही तर "वांझोटा हाय ह्यो" म्हणून शब्द टाकून द्यायच्या. "काय काढायचं त्ये कळलं की काय ठिवायचं त्ये आपसूक कळतंय," असं त्या म्हणत. हे द्राक्षांबद्दल की शब्दांबद्दल, मी कधी विचारलं नाही. बायका हसायच्या, मी मात्र प्रत्येक कोडं झेलून लगेच परत फेकायची. मला वाटायचं, मी जिंकतेय.

आता ते लग्न. आक्कांची धाकटी लेक सुमन डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि साताऱ्याचं स्थळ आलं. माणसं चांगली, घर भरलेलं. फक्त बैठकीत मुलाचे वडील म्हणाले, लग्नानंतर शिक्षणाची काही गरज नाही. सुमनचे वडील बोलायला भिडस्त, ते मान डोलावून मोकळे झाले. सुमन रात्रभर रडली. आक्का रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बागेत मला म्हणाल्या, "बैठकीत बायामानसाला कोन इचारतंय? पर कोड्याचं मागनं बायकांचं असतंय. त्यात बापय तोंड घालत न्हाईत."

आक्कांच्या नात्यागोत्यातल्या घरांमधली रीत अशी होती. रुखवत मांडलं की मुलीच्या आईनं वरपक्षाच्या बायकांना कोडं घालायचं. त्यांनी ते दिवसभर घोळवायचं, जेवताना, मानपान घेताना, चेष्टा करत. वऱ्हाड निघेपर्यंत उत्तर आलं नाही तर मुलीच्या आईनं एक मागणं मागायचं आणि वरमाईनं ते सगळ्यांदेखत पुरवायचं. पुढे मुलीला पहिल्यांदा माहेरी न्यायला तिच्याकडची माणसं जातात, तेव्हा उलटं. वरमाई कोडं घालते, आणि उत्तर दिल्याशिवाय पाहुण्यांनी पानावर बसायचं नाही. उत्तर दिलं तर मागणं त्यांचं. उत्तर न देता पानावर बसलं, की हरले. बहुतेक बायका पातळ मागत, नाहीतर विहिणीला नाव घ्यायला लावत. आक्कांना सुमनचं राहिलेलं वर्ष मागायचं होतं. त्यासाठी त्यांनी अख्ख्या विरळणीच्या दिवसांत एकच कोडं तयार केलं होतं, आणि ते कुणालाही ऐकवलं नव्हतं. मलाही.

मांडवात रुखवतापाशी उभ्या राहून त्यांनी ते घातलं:

"तीन अक्षरं, लांबच लांब, घडी मोडली मांडवात,
डोकं काढा, गावंल आडात,
पोट काढा, लोंबती कानात,
शेपूट काढा, हिरवी रानात.
वळखा विहीनबाई, न्हाईतर बसा कोड्यात."

साताऱ्याच्या बायका एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. कुणी म्हणालं डूल, कुणी म्हणालं वेल. मी त्यांच्या मागे लाडवांचं ताट घेऊन उभी. आणि माझ्या डोक्यात खट्‌कन उजेड पडला.

"पातळ!" मी ओरडले. "आडाचा तळ, कानाची पाळ, कांद्याची पात!"

मग साताऱ्याकडच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. वरमाईंनी मला कवेत घेतलं. "अगंबाई, ही तर आमच्या साताऱ्याची! आमच्याच बाजूची म्हणायची!" आणि मी, मला आज सांगायलाही लाज वाटते, खुशीनं लाजले. आक्कांकडे पाहिलं तेव्हा त्या रुखवतातल्या शेवयांवरची माशी हाकत होत्या. सुमन खाली मान घालून बसली होती. तेव्हा कुठं ताट माझ्या हातात जड झालं.

वरमाईंचं समाधान इथंच झालं नाही. "आम्हाला बाई असलं जुळवता येत नाही," त्या म्हणाल्या. "सुमनला न्यायला याल तेव्हा घालायला एक कोडं तूच दे मला. चांगलं अवघड दे हो!"

लग्न उरकलं. दुसऱ्या सकाळी मी आक्कांसमोर जाऊन उभी राहिले. भांडतील, निदान एक शिवी घालतील, असं वाटलं होतं. त्या खरकटी भांडी मोजून टोपलीत रचत होत्या. मी म्हटलं, "आक्का, माझं चुकलं. पण आता कोडं मलाच करायचंय ना? मी त्यांना अगदी सोपं देते. तुम्ही पटकन सांगा आणि मागणं मागा."

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सोपं दिलंस तर म्या उत्तरच द्येनार न्हाई."

"अहो, पण सुमनचं वर्ष..."

"लेकीचं वरीस चोरून मागू व्हय? तिला पोरांस्नी शिकवायचं हाय. तुला जमंल तेवढं कठीन कर. आन् मला आदी सांगितलंस तर तुझ्या सासूला सांगीन, त्ये लोनच्यातलं चमचं परत काढून घ्या म्हनावं, पोरगीला त्ये डोक्यावर घिऊन मिरवायचं हाय."

मग मी खरंच कठीण केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक कोडं दोन दिवस घोळवलं, आणि मग पत्रानं वरमाईंकडे धाडलं.

सुमनला आणायला साताऱ्याला गेलो ते आम्ही दोघीच. आक्कांच्या यजमानांना बाग सोडता येत नव्हती, आणि मला गाव माहीत होतं. पोचायला दुपार कलली. आक्का सूर्यास्तानंतर काही खात नसत, पाणीसुद्धा नाही. निघताना घाईत दोन घास खाल्ले होते तेवढेच. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. वरमाईंनी बायकांना गोळा केलं, सतरंजी घातली, आणि मी दिलेलं कोडं अगदी ठसक्यात म्हटलं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा मधली ओळ विसरल्या.

"तीन अक्षरांचा नाद, घुमतो देवळाच्या दारी,
पहिलं वगळा, पैठणीच्या काठावरी,
मधलं वगळा, फणसाच्या उदरी,
शेवटचं वगळा, डुलतो राजद्वारी,
मागची दोन जागा बदलती, तर भासते घरोघरी."

सुमन दाराच्या चौकटीला टेकून उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. वरमाई हसल्या, "काय विहीणबाई, अडलं की काय?"

"अडलं बाई," आक्का म्हणाल्या. "परत म्हना बगू एकदा. लय ग्वाड म्हनतायसा."

वरमाईंनी परत म्हटलं. शेजारणी आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा म्हटलं. आता त्या हातवारेही करू लागल्या. ऊन परसातल्या पेरूवरून भिंतीवर चढलं, भिंतीवरून कौलांवर गेलं. मी आक्कांना कोपरानं ढोसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एका पोरीचं शिक्षण मी दुसऱ्यांदा बुडवत होते, आणि या वेळी चांगल्या यमकांसकट. वरमाईंनाच दया आली. "राहू द्या हो, बसा पानावर. दिवस बुडायला आला. तुम्ही उपाशी राहाल."

"बुडू दे," आक्का म्हणाल्या.

कौलांवरचं ऊन गेलं. घरात कुणीतरी दिवा लावला. मग आक्का सावरून बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "गजर. पैठनीचा जर, फनसाचा गर, राजाचा गज. आन् घरोघरी भासती ती गरज. बराबर हाय का विहीनबाई?"

बायकांनी एकच गिल्ला केला. सगळ्यांत मोठ्यानं वरमाई हसल्या. "मानलं बाई तुम्हाला! किती वेळ झुंजवलं तरी सोडलं नाहीत. मागा, काय मागता?"

मी ‘गरज’ त्यात मुद्दाम बसवली होती, म्हणजे आक्कांना मागणं काढायला आयती वाट मिळेल. त्यांनी त्या वाटेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ म्हणाल्या, "सुमीचं एक वरीस ऱ्हायलंय. त्येवढं पुरं करू द्या."

वरमाईंचं हसू थांबलं. बाहेरच्या खोलीत सुमनचे सासरे खाकरले. वरमाईंनी त्या दिशेला पाहिलं, मग जमलेल्या शेजारणींकडे, मग सुमनकडे. "बायकांच्या मागण्यात कुणी खाकरायचं नसतं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "दिलं."

सुमन पुढे शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. सासूनं तिला शेवटपर्यंत जपलं. मी आता सांगलीला लेकाकडे असते, आणि नातीच्या मोबाइलवरचे अक्षरांचे खेळ तिच्याआधी सोडवते, पण तिला सांगत नाही. आक्का गेल्या थंडीत गेल्या. चांगल्या पिकल्या होत्या. शेवटच्या भेटीत डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी मला म्हणाल्या, "मोबाइलला घालता येतंय का गं कोडं?" मी म्हटलं, त्याला उत्तर लगेच येतं. म्हणाल्या, "मग काय मजा?"

त्या साताऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. सुमनला घेऊन आम्ही रात्रीची एसटी धरली. कऱ्हाडच्या पुढे सुमन खिडकीला डोकं टेकून झोपली. माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "आक्का, इतकं अवघड झालं होतं का हो ते? माझ्यामुळं तुम्ही उपाशी राहिलात."

आक्कांनी सुमनच्या अंगावर शाल सारखी केली आणि म्हणाल्या, "विहीनबाईंनी पयल्यांदा म्हटलं तवाच आलं हुतं मला. पर त्या बाईनं जल्मात पयलं कोडं घातलं हुतं गं. कशी फुलली हुती बगितलंस न्हवं? लगीच फोडलं असतं तर वरीस मिळालं असतं, पर बाई आंबली असती. सुमीला तिच्या घरात ऱ्हायचं हाय, माझ्या न्हाई. आता गप बस बगू, बोललं की लय भूक लागती."