शंभर मोजेपर्यंत

माझा आवाज मोठा आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलं, साठ-साठ पोरांच्या वर्गात कधी माइक लागला नाही, आणि याचा मला गर्व होता. होता, असंच म्हणते.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघी तळेगावहून निघालो. मी, आमच्या सोसायटीतली बँकवाली आणि आमची जुनी मैत्रीण. मैत्रिणीचा नवरा उन्हाळ्यात गेला होता. तेव्हापासून ती घराबाहेर पडत नव्हती, म्हणून कुसगावात दोन दिवस राहायचं आणि घाटमाथ्यावरच्या राखीव जंगलात फिरायचं, हा बेत माझाच. तिला विचारलंच नव्हतं. तिची बॅगसुद्धा मीच भरली.

गाडीत ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आज रडगाणं नाही हं! आज फक्त मजा," मी म्हटलं. तिने मोबाइल उघडला. मोबाइलमध्ये नवऱ्याचे फोटो बघत बसते म्हणून मी तिचा फोनही काढून माझ्या पर्समध्ये टाकला. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

जंगलात गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं. पायवाटेवर मी पुढे, तोंडाचा पट्टा सुरू. एका दगडाशी ती मागून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा बसते." मी वळूनसुद्धा न बघता "ये सावकाश" म्हटलं. अर्ध्या तासाने त्या दगडापाशी परत आलो, तर ती तिथे नव्हती.

कडा तिथून हाकेच्या अंतरावर होता. ती तिथे कशाला गेली असेल, हे आम्ही दोघीही बोललो नाही, पण बँकवालीचा चेहरा पांढराफटक पडला आणि मी कड्याकडे धावले. सकाळी ती काय सांगणार होती? काठाशी पालथी पडून मी खाली डोकावले. तिची निळी ओढणी कुठे दिसतेय का, हे बघत होते आणि दिसू नये म्हणून देवाला विनवत होते.

मग आम्ही हाका मारत सुटलो. एकीकडून बँकवाली, दुसरीकडून मी, दमसुद्धा न घेता. उन्हं कलली. माझा घसा फाटला, तरी मी थांबले नाही.

गवताचा भारा डोक्यावर घेऊन वाडीतली एक मावशी चढून आली. भारा खाली टाकून माझ्यावरच खेकसली, "गप ऱ्हावा की बाई! तुमीच वरडत बसलाय, तर ती ओ कवा देनार? अन् दिली तर तुमाला ऐकू कुटनं यायची?"

"मावशी, ती सापडायला हवी हो!" मी रडतच म्हणाले.

"सापडंल. येकीनं हाक मारायची, मंग शंभर मोजस्तवर समद्यांनी गप. आमी गुरं अशीच हुडकतो."

मी एक हाक मारली आणि मोजायला लागले. आयुष्यात इतकं कठीण काही केलेलं नाही. चाळिसाला माझं तोंड उघडलं, तर मावशीने डोळे वटारले. शंभर झाले. काही नाही. पुन्हा हाक, पुन्हा शंभर. नुसता वारा आणि गवत. तिसऱ्या वेळी, सत्तरच्या आसपास, खालून टक्... टक्... असं ऐकू आलं. कोणीतरी दगडावर स्टीलची बाटली आपटत होतं.

ती ओढ्याच्या घळीत पडली होती. आडोसा बघून उतरली आणि पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला होता. मी तिला मिठी मारून हंबरडा फोडला.

तिचा आवाज पार बसला होता. "केव्हाची ओ देतेय," ती कुजबुजली. "तुझ्या हाका ऐकू येत होत्या. तू थांबतच नव्हतीस."

परतताना गाडीत मी विचारलं, "सकाळी काय सांगणार होतीस?"

तिने मान हलवली. "राहू दे आता."

त्याला वर्ष होत आलं. मी दर रविवारी तिच्याकडे जाते, समोर बसते आणि तोंड उघडत नाही. मनातल्या मनात शंभर कधीच होऊन जातात. मग ती उठते आणि टीव्ही लावते.