हिरड्या बघणारी सिस्टर

माझ्या पायाच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हा नगरच्या दवाखान्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नव्याच आल्या होत्या. राहात्याकडची एक सिस्टर गोळी देण्याआधी रोज माझ्या हिरड्या तपासायची. बैल घेतानाही कुणी इतकं तोंड उघडून बघत नाही. रक्त फार पातळ झालं की ते आधी हिरड्यांतून येतं; तिथे रक्त दिसलं की गोळी बंद, हा तिचा नियम.

उद्या मला घरी सोडणार होते. परवा मुलीला बघायला पाहुणे येणार, हे मी साऱ्या वॉर्डला सांगून ठेवलं होतं. आणि नेमकं आजच, बाभळीच्या काडीने दात घासताना रक्त आलं. मी चूळ भरून तोंड मिटून बसलो.

"मामा, आज गप का? तुमी तर झोपेतबी बोलता."

"मौन आहे."

"मग मौनातच आ करा."

मी आ केला. तिने गोळी बाटलीत परत ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला निघाली.

"पाव्हन्यांना म्हनावं, पुढल्या आठवड्यात या," ती दारातून म्हणाली. "जावई पारखायला सासरा जिता लागतो."