ब्लूटूथची वाटी

ब्लूटूथ घरी आला की पाणी मागायचा नाही, फोन मागायचा. चप्पल काढता काढताच त्याचा हात पुढे. "मावशी, फोन दे. जागा किती उरली पाहू दे." चहाचं नंतर. आधी तो फोनची तब्येत बघणार, आपल्याला जुने फोटो पुसायला लावणार आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत गाणी भरून देणार. माणसंही तो तशीच लक्षात ठेवायचा. अमक्याच्या लेकीचं लग्न झालं का, तमका दवाखान्यातून घरी आला का, हे त्याला विचारून काही उपयोग नव्हता. पण "पोस्टाजवळच्या काकाच्या फोनात बोटभर जागा नाई राह्यली, सगळे सकाळच्या नमस्काराचे फुलं भरून ठेवले," हे त्याला पाठ.

खरं नाव चांगलं होतं, आमच्या शेजारच्या विमलनं, म्हणजे त्याच्या आईनं, हौसेनं ठेवलेलं. पण आमच्या देवळीत ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. तो शाळेत होता तेव्हा गाणं एका फोनातून दुसऱ्यात पाठवायचं तर दोन फोन शेजारी ठेवून बसावं लागे. हा कोणाच्याही शेजारी बसायचा. बस स्टँडवर, विहारात, जेवणाच्या पंगतीत, एकदा तर मयतीच्या घरी. गाणं पुरतं गेल्याशिवाय उठायचा नाही, समोरच्यालाही उठू द्यायचा नाही. "थांबा ना काका, अर्धं गेलं." असं ते नाव पडलं आणि चिकटलं. रागावली की विमलसुद्धा त्याच नावानं हाक मारायची.

पुढे तो वर्ध्याला इंजिनीअरिंग शिकायला लागला. बसनं जायचा, बसनं यायचा. शिकला किती, ते त्याच्या सरांना माहीत. संध्याकाळी मात्र स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात हजर. तिथे लोकांच्या कार्डात गाणी भरून द्यायचं काम. गिऱ्हाईक नव्या पिक्चरची गाणी मागायचं. हा ती टाकायचा आणि वर न मागता दोन भीमगीतं, एखादी कव्वाली, एखादं गोंडी गाणं घालून द्यायचा. लोक भांडायला यायचे. कापसाचा एक अडत्या आला होता. त्याच्या गाडीत पाहुणे बसलेले असताना मधेच आमच्या महिला मंडळाचं गाणं सुरू झालं होतं.

"हे कोनं टाकलं?"

"मीच टाकलं शेठ. आवडलं नाई का?"

"नाई."

"मंग पुसलं काऊन नाई अजून?"

अडत्यानं कार्ड खिशात घातलं आणि गेला. पुढच्या वेळी कार्ड भरायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "ते बायांचं राहू देजो."

ब्लूटूथचं म्हणणं एकच. "गाणं एका जागी ठेवलं की त्याले वास येते." भाजीबद्दल बोलावं तसं तो हे बोलायचा.

आमचं महिला मंडळ म्हणजे मी, सुशीला, आणि ज्या दिवशी शेतात काम नसेल त्या दिवशी आणखी येतील तेवढ्या. विहारात बसतो, ढोलकी असते, झांजा असतात, गाणी सुशीला रचते. आमच्याकडे एक रीत आहे. सेलूच्या मंडळाला आमचं गाणं हवं असेल तर त्यांनी त्यांचं एक आम्हाला शिकवायचं. फुकट देणं नाही आणि फुकट घेणंही नाही. एक दिवस हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, मंडळाची उरलेली सगळी गाणी भरून घ्यायची आहेत. मी म्हटलं, "मंग तू काय देशीन?" बसला विचार करत.

त्या दिवशी तो खरं तर वाटी परत करायला आला होता. विमलनं माझ्याकडून बेसन नेलं होतं, त्याची वाटी. आत सांभाराच्या चार काड्या, पुण्यामुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याच्या. त्या काड्यांकडे बघत म्हणतो, "मावशी, माय हे काऊन टाकते वाटीत?"

"रिकामी वाटी कोनी वापस करते का बावा?"

चहा तसाच सोडून गेला. मला वाटलं, काही लागलं का पोराला. बऱ्याच महिन्यांनी परत आला, माझा फोन घेतला, सुशीलाच्या नातवंडांचे फोटो पुसायला लावले आणि त्यात एक ॲप घातलं. उघडलं की पितळेची वाटी दिसायची. नावही तेच, वाटी. एक गाणं घेतलं की वाटी रिकामी. मग आपण त्यात काही टाकल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही.

मित्रांनी त्याला वेड्यात काढलं. अशी अट घालून धंदा होतो का म्हणे, लोक पळतील. हा म्हणायचा, "फुकट घेते त्याले गाणं ऐकूच येत नाई." लोक पळाले नाहीत. पण सगळ्यांनाच कुठे गाता येतं? बरेच जण पिक्चरचं गाणं टाकून मोकळे व्हायचे. ज्यांना तेही जमत नव्हतं त्यांनी जवळ जे होतं ते टाकलं. गिरडच्या टेकडीखाली बकऱ्या चारणाऱ्या एका बाबानं बकऱ्यांच्या घंट्या टाकल्या. समुद्रपूरकडच्या एका मास्तरांनी वर्गाचे पाढे टाकले. पुलगावच्या एका सुनेनं तर सासू दुधावरच्या सायीवरून तिला बोलली ते सगळं गुपचूप भरून टाकलं, आणि गावोगाव ते ऐकलं गेलं. सासूबाईंना कळलं. बस पकडून देवळीला आल्या तक्रार घेऊन. तक्रार अशी, की हे अर्धंच आहे, पुढचं मी जास्त चांगलं बोलले होते. ब्लूटूथनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढचं भरून घेतलं.

मी त्याला चिडवलं. "बकऱ्यांच्या घंट्या म्हणजे गाणं का रे?"

"त्यानं मनानं देल्लं ना मावशी. आपुन कोन नाई म्हननारे?"

वाटी चालली. हिंगणघाटला गेली, आर्वीला गेली, वर्धा नदी ओलांडून यवतमाळकडे गेली. त्यानं रसवंतीच्या वरची खोली घेतली, दोन मित्र कामाला घेतले, दाराला पाटी लावली. खाली उसाच्या चरकाचे घुंगरू वाजायचे आणि वर हे तिघं कानात बोळे घालून बसायचे. पेपरात त्याचा फोटो आला, वडिलांच्या शर्टातला. खिशात टाकायची ती छोटी कार्डं छापून आणली, त्यावर नावाखाली 'संस्थापक'. विमलनं वाचून बघितलं आणि म्हणाली, "संस्थापक साहेब, चक्कीवरून दळन घेऊन या." गेला मुकाट्यानं.

मग नोटीस आली. पिक्चरची गाणी ज्यांच्या मालकीची, त्यांच्या वकिलाची. परवानगी नसताना लोक ती वाटीतून एकमेकांना देत होते, ती काढा, नाहीतर कोर्टात या. ब्लूटूथ माझ्याकडे येऊन बसला. मी आपलं मला वाटलं ते बोलले, "त्याईचं चुकलं का पन? त्याईची वाटी कोनी भरली?"  त्यालाही पटलेलं होतं, पंचाईत तीच होती. पिक्चरची गाणी काढली तर निम्म्याहून जास्त लोक जाणार.

त्याच सुमारास बंगळुरूची एक कंपनी पुढे आली. त्यांनी एक मुलगी पाठवली, चांगली गुणी मुलगी हो, लिहिताना खोटं कशाला लिहू. ब्लूटूथ तिला मंडळ ऐकवायला माझ्याकडे घेऊन आला. तिनं पोहे दोनदा घेतले, सुशीलाकडून ढोलकीचा एक ठेकाही शिकली. मग तिनं सांगितलं, पिक्चरच्या गाण्यांच्या हक्काचं आम्ही बघू. वाटी आम्ही घेऊ, तुलाही घेऊ, मोठ्या जागेवर. फक्त दोन गोष्टी. "सुननेवाला बस सुनेगा, देना ज़रूरी नहीं। और ये बकरी, ये सास, ये सब हटाना पड़ेगा।" विमल दारात उभी होती. मुलगा बंगळुरूला मोठा साहेब होणार, हे ऐकून साखर आणायला घरी पळाली.

ब्लूटूथ म्हणाला, "लोकाईनं देल्लेलं फेकाचं त त्याईले विचारा लागते."

"कितना टाइम?"

"हप्ताभर."

आणि गेला मोटरसायकल घेऊन. त्याला खरोखर वाटत होतं हप्त्यात होईल. पण कापसाची वेचणी सुरू झालेली, माणसं घरी सापडेनात, हा शेताशेतात फिरतोय. ज्याच्याकडे जाईल तो जेवल्याशिवाय सोडेना. आणि फेका असं कोणी म्हणेना. बकऱ्यावाल्या बाबानं विचारलं म्हणे, "त्याईले घंट्या नाई आवडल्या का? मंग दुसऱ्या देतो. हे बकरी नवीन हाय, हिचा आवाज गोड हाय." पुलगावच्या सासूबाई म्हणाल्या, "कोन फेकते? आन तिले माह्यासमोर." मास्तरांनी पाढे फेकायला परवानगी दिली, पण बदल्यात पोरांच्या कविता घ्यायला लावल्या. हा विचारायला निघाला होता आणि वाटीत भर घालून परत येत होता. गिरडच्या टेकडीवर फोन लागत नाही. बंगळुरूहून फोन येत राहिले, तो तिथल्या गोठ्यात त्या नव्या बकरीची घंटा ऐकत बसलेला.

तो परतला तेव्हा शेतात तूर कापायला आली होती आणि कंपनीनं दुसऱ्या कोणाला तरी धरलं होतं. त्या मुलीनं निरोप पाठवला होता, फार सभ्य. विमल कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत निघून जायची. माझ्याजवळ म्हणाली, "एक हो म्हनाचं होतं वं बाई. येवढंसं अक्षर. त्याच्यात नाई म्हनाची हिंमत नोहोती, म्हनून विचाराच्या निमित्तानं फिरून राह्यला." मी म्हटलं, तसं नसेल गं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या.

पिक्चरची गाणी त्यानं स्वतः काढली. लोक गेले, ते तर जाणारच होते. वाटीतलं सगळं कुठल्यातरी दूरच्या भाड्याच्या मशीनवर असायचं, ती मशीन सोडावी लागली. रसवंतीवरची पाटी उतरली. त्याला पुण्याला नोकरी लागली, दवाखान्यांच्या बिलांचं काहीतरी करतात तिथे. जायच्या आदल्या दिवशी आला. फोन मागितला नाही. पाणी मागितलं.

"मावशी, उद्यापासून वाटी उघडनार नाई."

"सगळ्याईले सांगतलं का?"

"निरोप टाकला. कोन वाचते? लोकाईनं मनानं देल्लं आन माह्या हातून सांडलं." मग पेला खाली ठेवून म्हणाला, "तवा हो म्हटलं असतं त घंट्या गेल्या असत्या. आता सगळंच गेलं."

 मी त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला, दुसरं काय करणार.

पुण्याला गेल्यावर तो सुधारला, म्हणजे बिघडला. सणाला घरी आला की उन्हाळ्यातही जाकीट. ऑफिसात थंडी असते म्हणे, पण ऑफिस तर पुण्यात राहिलं ना? बोलणं सगळं फ्लॅटचं, ट्रॅफिकचं. गाण्याचा विषय काढला की म्हणायचा, "ते झालं मावशी, पोट्टेपना होता." हे वाक्य तो फार लवकर बोलायचा, आपण विचारायच्याही आत.

मागच्या उन्हाळ्यात विमलच्या भाचीचं लग्न होतं, केळझरला. हळदीच्या दुपारी नवरदेवाकडच्या बाया मांडवात गायला बसल्या. आर्वीच्या पलीकडचं कुठलंसं गाव त्यांचं, मी नावही ऐकलेलं नव्हतं. मी आणि सुशीला मागे बसलो होतो, गालाला हळद लावलेला ब्लूटूथ खांबाला टेकून उभा. त्यांनी एक गाणं उचललं आणि सुशीलानं माझा हात दाबला. तिचंच गाणं होतं. म्हातारपणी सही करायला शिकलेल्या बाईचं. चालही तीच, ठेकाही तोच.

आता यातली गंमत सांगायला हवी. हे गाणं आम्ही रसवंतीवरच्या खोलीत भरलं, तेव्हा तिसऱ्या कडव्यात मला ठसका लागला होता. सुशीलानं ढोलकी न थांबवता म्हटलं होतं, "पानी पे वं, मंग म्हन." मी पाणी प्यायले, "पेली" म्हटलं, आणि गाणं पुढे गेलं. ब्लूटूथनं ते कापलं नव्हतं, कापायचं राहून गेलं असेल.

मांडवातल्या बाया तिसऱ्या कडव्याला आल्या आणि एकदम थांबल्या. ढोलकी चालूच. त्यांच्यातली म्होरकी बाई ठसक्यात म्हणाली, "पानी पे वं, मंग म्हन." बाकीच्या सगळ्या एका सुरात, "पेली." आणि गाणं पुढे.

सुशीला हसून हसून माझ्या अंगावर पडली. गाणं संपल्यावर मी त्या बाईला विचारलं, कुठून शिकलात. म्हणाली, "वहिनीच्या फोनात होतं. तिले तिच्या मामीनं देल्लं."

"आन हे पान्याचं?"

"ते गान्यातच हाय बाई. पयलेपासून."

मी ब्लूटूथकडे बघितलं. मला वाटलं, हसत असेल. तो हसला नाही. जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि येऊन त्या बायांच्या मधोमध सतरंजीवर बसला, शाळेतल्या पोरासारखा.

"चालू हाय मावशी," हळूच म्हणाला.

"काय चालू हाय?"

तो पुढे सरकून बसला. त्या बाईला म्हणाला, "काकू, एकडाव अजून म्हना ना."

त्यांनी पुन्हा धरलं. या वेळी आम्ही दोघीही सामील झालो, गाणं तर आमचंच होतं. तिसरं कडवं आलं. माझा घसा अगदी साफ होता, मी आपली सरळ पुढे म्हणत गेले. त्या बाईनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"आजी, इथं थांबा लागते."

मी थांबले.